दुसरं मुसळ

कासिमिरोनं दांडा फिरवला आणि पेटीतून वार्दो क्वास्तचा वॉल्ट्झ बाहेर पडला, तो किल्ल्यातल्या डच शिपायांसारखा कवायत करत. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. सूर सगळे जागच्या जागी होते, एकही चुकला नव्हता, आणि तरी त्यावर कोणी नाचायला उभं राहिलं असतं तर गुडघ्यात मोडून पडलं असतं.

कासिमिरोनं मध्येच दांडा थांबवला. ओत्रोबांदा वस्तीतल्या आपल्या चिंचोळ्या दुकानात बसून हा माणूस तीस वर्षं लाकडी रुळांवर पितळी खिळे ठोकत आला होता. कागदावर गाणं आखायचं, कागद रुळाला चिकटवायचा, जिथं खूण तिथं खिळा. रूळ फिरला की खिळे हातोड्या उचलतात, हातोड्या तारांवर पडतात, आणि ज्याच्या घरी पियानो नाही त्याच्याही अंगणात नाच होतो. एका रुळावर आठ गाणी बसतात. हा रूळ मात्र खास होता. वार्दोला चर्चचा ऑर्गन वाजवू लागून पंचवीस वर्षं होणार होती आणि त्या सोहळ्यासाठी चर्चच्या मंडळानं त्याचेच आठ वॉल्ट्झ रुळावर चढवायला सांगितले होते.

"तुम्ही लिहिलंय तसंच ठोकलंय, शोन वार्दो," तो म्हणाला; इथं बड्या माणसाला शोनच म्हणतात. "कागदावर तिन्ही ठोके सारख्या अंतरावर आहेत. मी पट्टी लावून मोजलं."

ते खरंच होतं, आणि त्यात वार्दोचा एकट्याचा दोष नव्हता. कुरासाव बेटावर सगळेच असं लिहितात. कागदावर सरळ लिहायचं आणि वाजवताना डाव्या हातानं ते वाकवायचं. पहिला ठोका ठाम, दुसरा दारात घुटमळून मग आत येणारा, तिसरा हलकाच. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पिठाची फुंची घोटताना मीठ किती, हे कोणी लिहून ठेवतं का? पण खिळ्याला कान नसतात. त्याला माप लागतं, आणि माप कोणी कधी लिहिलंच नव्हतं.

वाजवून दाखवावं, तर वार्दोचा डावा हात गेल्या ऑक्टोबरात गेला होता. रविवारच्या उपासनेत अर्ध्या स्तोत्रावर तो हात पट्ट्यांवरून घसरला आणि मांडीवर जाऊन पडला तो तिथलाच झाला. जीभ महिन्याभरात सुधारली, पाय काठीवर आला, हात काही परत आला नाही. स्तोत्रं संथ असतात, ती उजव्या हातावर आणि पायपट्ट्यांवर निभतात. वॉल्ट्झ निभत नाही.

कासिमिरोनं खटपट कमी केली नाही. वार्दोच्या दोन शिष्यांना बोलावून वाजवायला बसवलं. दोघांनी छान वाजवलं, आणि दोघांनी आपापलं वाजवलं. डावा हात ज्याचा त्याचा असतो, तिथं गुरू-शिष्य काही चालत नाही. मग वार्दोनं उजव्या हातानं टेबलावर ठोके देऊन पाहिले. दहा वेळा दिले, दहाही वेळा निराळे पडले. शेवटी तो घामेघूम होऊन बसून राहिला.

खरं म्हणजे तो ठोका कुठून आला हे त्याला पक्कं माहीत होतं. तेच तर दुखणं होतं.

वयाच्या सातव्या वर्षापर्यंत तो सोतोच्या मळ्यावर, ज्वारीच्या ताटांनी शाकारलेल्या खोपटात वाढला. आई तोना मळ्यावरची गुलाम होती. ती आणि तिची बहीण व्हिन्चा पहाटे एकाच उखळात दोन मुसळांनी ज्वारी कांडायच्या, आणि उखळाशेजारच्या गोणपाटावर वार्दो झोपलेला असायचा. बाप शहरातला गोरा दुकानदार. त्यानं पोराला विकत घेऊन मोकळं केलं, आडनाव दिलं, बूट दिले, ऑर्गन शिकवायला डच मास्तर ठेवला, आणि त्याच्यासाठी एक नवी आईही तयार केली: समुद्रापलीकडच्या कोरो शहरातली कुलीन बाई, बाळंतपणात वारलेली. बाप हौशी होता. दिवाणखान्यात त्या बाईची तसबीरही लागली. ती कुणाची होती देव जाणे.

वार्दोनं ती आई सांभाळली. त्या आईच्या जोरावर त्याला चर्चचं काम मिळालं, हेन्रिएतासारखी चांगल्या घरची बायको मिळाली, मुलींना बरी स्थळं मिळाली. गुलामी सुटून एकतीस वर्षं झाली, पण गावाची नजर अजून माणसाच्या नखांच्या मुळाशी रंग शोधते. खरी आई सोतोला होती. तिला तो दर नव्या वर्षाला कुणाच्या तरी हाती कापड, साखर आणि कॉफी पाठवायचा. स्वतः शेवटचा गेला त्याला अकरा वर्षं झाली होती.

आता दोनच वाटा होत्या. एक, रूळ आहे तसा वाजू द्यायचा. हात गेलेला, शिष्य आपापल्या वाटेनं वाजवणार. म्हणजे वार्दो क्वास्त म्हणून मागं राहणार ती ही कवायत. दुसरी, कासिमिरोला सोतोला न्यायचं. कासिमिरोनं तिला पाहिलं की झालं. त्या बाईचं कपाळ आणि वार्दोचं कपाळ एका साच्यातलं होतं. वार्दो दोन दिवस नीट जेवला नाही. हेन्रिएतानं डॉक्टरला बोलवू का म्हणून विचारलं तर तिच्यावर खेकसला. तिसऱ्या दिवशी त्याला तिसरी वाट सापडली आणि आपल्या हुशारीवर तो खूशही झाला. भित्र्या माणसाला तिसरी वाट नेहमीच सापडते.

"सोतोला माझी याया राहते," त्यानं कासिमिरोला सांगितलं. "लहानपणी तिच्या कांडण्याचा ठेका मी ऐकलाय. तोच डाव्या हातात आलाय बहुतेक."

यात वावगं काही नव्हतं. बऱ्या घरातल्या प्रत्येक मुलाला इकडं याया असतेच. आई जन्म देते, याया वाढवते, आणि म्हाताऱ्या यायाला भेटायला गेलेल्या माणसाचं लोक कौतुकच करतात. कासिमिरो नुसतं "हं" म्हणाला आणि हत्यारं बांधायला लागला.

खेचराच्या गाडीतून पहाटे निघाले ते दुपारी पोचले. वारा तोंडावर धूळ मारत होता. वाटभर कासिमिरो आपल्या जावयाच्या आळसाबद्दल बोलत होता आणि वार्दो मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होता. निवडुंगाच्या कुंपणाआड खोपट तसंच होतं. दारात एक वाळकी म्हातारी सुपात शेंगा निवडत बसली होती.

वार्दो काठी टेकत पुढं झाला आणि ते घोकलेलं वाक्य त्यानं म्हणून टाकलं. "याया, ओळखलंस का मला?"

तोनानं मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं, लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या कासिमिरोकडे पाहिलं. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"शोनला कोण ओळखणार नाही," ती म्हणाली. "या हातांनी वाढवलंय. या, सावलीत या. तुम्ही पण या, दादा."

तिनं इतक्या सहज म्हटलं की वार्दोला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. सुटका मागायला गेलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी दारच आपटावं, तसं त्याला झालं.

काम काय आहे ते कासिमिरोनं समजावलं. तोना हसली. एका मुसळाचा कसला ठेका, म्हणाली. व्हिन्चा गेल्यापासून मी एकटी कांडते, तो नुसता आवाज असतो. ठेका दोघींचा असायचा. माझं मुसळ पडायचं, ते वर जाईपर्यंत तिचं थांबायचं, मग पडायचं, आणि तेवढ्यात माझं उखळाच्या काठाला जाता जाता टेकायचं. दुसरी बाई आणायची तर शेजारपाजारच्या साऱ्या सुगीनंतर शहरात कामाला गेलेल्या.

वार्दोनं काठी भिंतीला लावली, कोट काढला आणि कोपऱ्यातलं दुसरं मुसळ उजव्या हातानं उचललं. तोनानं उखळात दोन ओंजळी ज्वारी टाकली. कासिमिरोनं कागद गुंडाळलेला लहानसा रूळ गुडघ्यावर घेतला. डाव्या हातानं तो संथ फिरवायचा आणि ऐकलेल्या प्रत्येक ठोक्याला उजव्या हातानं पेन्सिलीची खूण करायची, अशी त्याची रीत होती.

पहिल्यांदा मुसळं एकमेकांवर आपटली. दुसऱ्यांदा वार्दोचं मुसळ उशिरा पडलं. तिसऱ्यांदा लवकर. उजव्या हाताला काही उमगत नव्हतं आणि ज्वारी उडून बाहेर पडत होती.

"शोन, घाई नका करू," तोना म्हणाली.

परत आपटली.

"माझं वर जाऊ द्या ना. मग." आणखी एकदा आपटली तेव्हा ती चिडली. "अरे थांब की जरा. पहिल्यापासून मेला धसमुसळा. माझं मुसळ वर गेलेलं दिसलं, की मगच. घे. आता. थांब. घे. असं, दोची, असं."

एकोणपन्नास वर्षांत त्याला कोणी दोची म्हटलं नव्हतं. आणि मग ठेका लागला. तिचं मुसळ ठाम पडायचं, त्याचं घुटमळून पडायचं, काठावर हलकीच टकटक व्हायची, आणि पुन्हा. त्याच्या प्रत्येक वॉल्ट्झचा डावा हात त्या उखळात होता. आपण ज्याला आपली करामत समजत आलो ती मुळात दोन बायकांची एकमेकींची बोटं वाचवायची काळजी होती, हे वार्दोला आत्ता कळलं. त्याचे डोळे भरून वाहायला लागले आणि पुसायला दुसरा हात नव्हता. कासिमिरो खाली मान घालून खुणा करत राहिला.

पीठ झालं तेव्हा ती थांबली. लगेच तिचं "तुम्ही" परत आलं. शोननं आणि दादांनी बसावं, म्हणाली, आणि घरातल्या दोन्ही स्टुलांवर त्यांना बसवून तिनं कॉफी दिली. त्यानंच पाठवलेली कॉफी होती. ती स्वतः दारापाशी उभी राहिली. यायानं उभंच राहायचं असतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई उभी आणि आपण बसलेले, हे वार्दो कप संपेपर्यंत पाहत होता, आणि कप लवकर संपेना.

बाहेर येऊन कासिमिरोनं खेचर जुंपलं आणि पाठमोराच म्हणाला, "आईच्या मनगटात अजून जोर आहे हो तुमच्या."

वार्दो जागच्या जागी थिजला. "कोणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? अख्ख्या ओत्रोबांदाला ठाऊक आहे. खाडीपलीकडच्या पुंडालाही असेल." कासिमिरोनं पट्टा आवळला. "तुम्ही कोरो म्हणता म्हणून आम्हीही कोरो म्हणतो. कुणाचं काय जातंय? चांगलं वाजवता तुम्ही."

मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी गत. ज्या एका गोष्टीपायी त्यानं आईला जिवंतपणी पुरलं, ती गोष्ट बाजारातल्या मासळीवालीलाही माहीत होती. वार्दोला आधी लाज वाटली, मग संताप आला, आणि मग एकदम हलकं वाटलं. आता लपवायचं काय राहिलं? तो काठी विसरून, भिंतीला धरत धरत आत गेला.

तोना कप विसळत होती. तो तिच्या पाठीशी उभा राहिला आणि म्हणाला, "माई."

तिचा हात थांबला. तिनं आधी दाराकडे पाहिलं.

"हळू बोला, शोन."

"शोन नको म्हणूस मला. सगळ्यांना माहीत आहे, माई. हा बाहेरचा पण म्हणाला. मी तुला घेऊन जायला आलोय. सोहळ्याला तू पुढच्या खुर्चीवर बसशील. मी सांगणार आहे सगळ्यांना."

"मला न्यायला आलास?" तिनं कप खाली ठेवला. "ठेका न्यायला आलास. तो घेतलास ना? मग जा आता."

तो रडायला लागला. तशी ती जवळ आली, पण त्याला हात लावला नाही. आवाज चढवलाही नाही.

"तुझ्या बापानं तुला नेलं त्या दिवशी मी क्रूसावर हात ठेवलाय. हा माझा मुलगा नाही, मी याची याया. तेव्हापासून पाद्रीला तेच सांगितलं, शेजारणींना तेच, मरताना व्हिन्चालाही दुसरं बोलू दिलं नाही. एकोणपन्नास वर्षं मी तोंड शिवून बसले आणि तू ते एका दुपारी उसवणार? का, तर तुला रडू आलं म्हणून? मग मी गप्प बसले ते काय फुकट?"

"माई, चुकलं माझं."

"चुकलं-बिकलं काही नाही. तू ऑर्गन वाजवलास. लोक टोप्या काढतात तुला. ते माझं आहे. त्याला हात लावू नकोस."

"माई," तो ओरडला. बाहेर खेचरानं कान हलवले असतील इतक्या मोठ्यानं.

तोनानं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, डोक्याचा फडका सारखा केला आणि ती दारात गेली.

"दादा," ती कासिमिरोला म्हणाली, "शोनना जरा धरून न्या. त्या दुखण्यापासून डोकं अजून जागेवर आलेलं नाही बघा. कुणाही म्हातारीला माई म्हणतायत. घरी बाईसाहेबांना सांगा, काळजी घ्या म्हणावं."

कासिमिरो म्हातारीकडे बघत राहिला. सगळं माहीत असलेला तो माणूस शेवटी मान हलवून म्हणाला, "होय मावशी. सांभाळून नेतो."

गाडी निवडुंगांच्या कुंपणांमधून अर्ध्या वाटेवर आली. मग वार्दो म्हणाला, "ती माझी आई आहे."

"होय, शोन," कासिमिरो म्हणाला, आजाऱ्याला म्हणतात तसं.

"तूच म्हणालास ना मघाशी?"

"म्हणालो होतो. पण आता तिनं माझ्या तोंडावर दुसरं सांगितलंय. म्हातारीला खोटं पाडायचं पाप मी नाही घेणार." आणि त्यानं खेचराला हाकललं.

त्यानं सांगितल्याप्रमाणे केलं. घरी पोचल्यावर हेन्रिएताला बाजूला घेऊन शोन यायालाच माई म्हणत होते ते सांगितलं, आणि मग पंधरा दिवस दुकान बंद करून खिळे उपटत, ठोकत बसला.

सोहळा रविवारी दुपारी चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष शोन कोर्नेलिस यांच्या अंगणात झाला. भाषणं झाली, केक झाला, मग पेटी मध्ये आणली. कासिमिरोनं दांड्याला हात घातला आणि पहिल्याच फेरीत अंगण ओळीनं उठलं. वॉल्ट्झ चालत नव्हता, झुलत होता. सत्तरीच्या म्हाताऱ्या नवऱ्यांना ओढून उभ्या राहिल्या. वार्दो खुर्चीवर बसून ऐकत होता. त्याला आईचं मुसळ ऐकू येत होतं, आणि त्याच्या मागून, दर खेपेला उशिरा, आपलं.

आठवा संपला तेव्हा शोन कोर्नेलिस धापा टाकत त्याच्यापाशी आले. असा डावा हात साऱ्या बेटावर कुणाचा नाही, म्हणाले. कुठून आणलात एकदा सांगूनच टाका.

"माझ्या आईकडून," वार्दो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला.

शोन कोर्नेलिसना गहिवरून आलं. त्यांनी ग्लास उचलला आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं; कोरोच्या त्या दिवंगत माउलीच्या स्मृतीला, म्हणाले, जिनं आपल्याला असा मुलगा दिला. पन्नास खुर्च्या एकदम मागं सरकल्या.

"ती जिवंत आहे," वार्दो म्हणाला. "सोतोला आहे. तोना तिचं नाव."

हेन्रिएतानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शेजारच्या बायकांना ती हलक्या आवाजात सांगत होती, दुखण्यापासून मधूनच असं होतं त्यांना, मागं यायालाच माई म्हणत होते. बायकांचे डोळे पाणावले. पेटीशेजारी उभा असलेला कासिमिरो दांड्यावरचं तेल पुसायला लागला.

वार्दोनं ग्लास टेबलावर ठेवून दिला. हात गळाला असं वाटून शेजारच्या बाईनं तो उचलला, पुन्हा त्याच्या उजव्या हातात दिला आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवली. सगळे ग्लास वर धरून थांबले होते, त्याच्यासाठी. ते माझं आहे, त्याला हात लावू नकोस, असं आई म्हणाली होती. वार्दोनं ग्लास ओठांना लावला आणि आपल्या जिवंत आईच्या नावानं, मेलेल्या माणसासाठी पितात तसा, तो घोट प्यायला.